पोपटाचा तो मेसेज पुढं पाठवू नका
रविवारी शिवाजी पेठेतून आक्काचा फोन आला. "नातू पोपटाचं पिल्लू पाहिजे म्हणून अडून बसलाय. एक मेसेज पाठवलाय तुला, बघ जरा." तो मेसेज आधी दोन-तीन ग्रुपवर आला होता, मी सोडून दिला होता. आता घरात शिरलाय, म्हणून लिहितोय.

त्यात म्हटलंय: गळ्याला कंठ, म्हणजे रंगीत कड्यासारखा पट्टा, असतो तोच बोलका पोपट, बिनकंठाचा मुका. खांद्यावर लाल डाग असला की तो नर. खायला दूध-चपाती घालायची. आणि पोपट कुठंही जुळवून घेतो, म्हणून डोळे उघडायच्या आत पिल्लू ढोलीतून काढलं तर पिंजऱ्यात सुखानं राहतं.

आपल्या साध्या पोपटात काळा-गुलाबी कंठ फक्त वयात आलेल्या नराला असतो, आणि तो पुरता उमटायला दोन-तीन वर्षं जातात. मादीला तसा कंठ नसतो, पण ती मुकी नसते. रंकाळ्याच्या काठाला फेब्रुवारीत मी एक जोडी बघितली. ढोलीच्या तोंडाशी बिनकंठाची बसली होती आणि कंठवाला तिच्या चोचीत चोच घालून तिला भरवत होता. लाल डागाचा पहाडी पोपट ही जातच वेगळी: अंगानं मोठा, चोच जाडजूड, आणि डाग नर-मादी दोघांनाही. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही.

डोकं फिरलं ते शेवटच्या मुद्द्यानं. पोपट जुळवून घेतो, हे खरं. जुन्या भिंतीतल्या भोकात घर करतो, ज्वारीच्या कणसांवर उतरतो, लंडनच्या थंडीतसुद्धा त्याचे थवे मोकळे फिरतात. लहानपणी आणलेलं पिल्लू माणसाला सरावतं, हेही मान्य. पण तो जगतो थव्यात! संध्याकाळी एकाच झाडावर गोळा होऊन अंधार पडेपर्यंत कलकलाट करणारा हा पक्षी. पिंजऱ्यात एकटा पडला की माणसालाच थवा समजून आपले शब्द उचलतो, आणि आपण त्याला सुख म्हणतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाच्या अंगावर तर पिसंसुद्धा नसतात. आई-बाप भरवतात तेव्हा कुठं सुमारे सात आठवड्यांनी ते ढोलीबाहेर पडतं. त्याला खोक्यात घालून विकायचं?

शिवाय 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हे. 'सगळेच पाळतात' म्हणून तो बदलत नाही.

आक्काला सांगितलंय, नातवाला घेऊन शनिवारी पाचला रंकाळ्यावर ये. दुर्बीण मी आणतो. कंठवाला कुठला, बिनकंठाची कुठली, त्याचं त्यालाच ओळखू दे.