खुलासा : पहिली गुप्तहेरकथा होम्सची नव्हे

‘जगातली पहिली गुप्तहेरकथा शेरलॉक होम्सची’ असा मेसेज रहस्यकथाप्रेमींमध्ये फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा. होम्स पहिल्यांदा छापून आला १८८७ साली. त्याच्या ४६ वर्षं आधी, १८४१ मध्ये, अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यांच्या कथेतल्या द्यूपँ या गुप्तहेरानं पॅरिसमधल्या बंद खोलीतल्या मायलेकींच्या मृत्यूचा छडा लावला होता. पुरावा होम्सच्याच पहिल्या कादंबरीत आहे. काल ते पान पुन्हा काढून वाचलं. होम्सचा मित्र वॉटसन त्याला म्हणतो, तुम्हाला पाहून पोचा द्यूपँ आठवतो. होम्सला ते मुळीच रुचत नाही, त्याच्या लेखी द्यूपँ अगदीच सुमार! (मला हा प्रसंग फार आवडतो.) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच ही दुरुस्तीही टाका.