दोन दिवस का लागले? एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. आपल्याला दोनदा हेलपाटा पडला आणि गर्दीच्या वेळी फोनवर नीट बोलणं झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आपण लिहिलंय की जुन्या मशीनमधला डेटा आपल्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर न्यायचं, पेन ड्राइव्हने दहा मिनिटांत होणारं काम आम्ही जुन्या सीड्या वापरून दोन दिवस लांबवलं, आपण दिलेल्या सीड्या न वापरता परत केल्या, वर १,२०० रुपये उकळले आणि फाइल्स सेव्हसुद्धा होत नाहीत. बाकीच्याचं उत्तर पुढे देतो, पण ते 'दहा मिनिटांत' फार लागलं. आमचं दुकान छोटं आहे. नवीन माणूस हे वाचून आत पाऊल ठेवायच्या आधीच म्हणणार की इथे मुद्दाम काम लांबवतात. म्हणून सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

आपलं जुनं मशीन विंडोज ९८चं, तेही पहिल्या आवृत्तीचं. पेन ड्राइव्ह लावली की आपोआप ओळखायची ही सोय विंडोज २००० आणि एमईपासून आली. ९८मध्ये त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. आणि काम देताना आपली पहिली अट हीच होती की या मशीनवर नवीन काहीही टाकायचं नाही आणि कॅबिनेट उघडायचं नाही. पावतीवर ते आपल्यासमोरच लिहिलंय, आपली सही आहे. ती अट मला पटली होती, आजही पटते. छापखान्याची इतक्या वर्षांची पेजमेकरची (पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची) कामं त्यात आहेत, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा जोड, मागे पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या पोर्टला) आहे. ते मशीन बसलं तर आपलं काम बसेल, हे न कळण्याइतका मी या धंद्यात नवा नाही.

आता समजा, ड्रायव्हर टाकला असता. तरी त्या मशीनचा यूएसबी पोर्ट १.१ आहे. त्याचा वेग कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात साधारण एक एमबी. आपला डेटा साडेतीन जीबी. नुसतं गणित केलं तरी एक तास होतो, आणि तोही काही न अडकता. दहा मिनिटं कुठून आली ते मला खरंच कळलं नाही.

आपल्या पुतण्याने फोनवर सांगितलं की हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असती तर काम पटकन झालं असतं. बरोबर सांगितलं त्याने. एरवी मीही तेच करतो. पण त्यासाठी कॅबिनेट उघडावं लागतं. लॅनची केबल टाकायची तर त्या मशीनमध्ये नेटवर्क कार्ड नाही, म्हणजे पुन्हा कॅबिनेट उघडणं आलं. राहिला काय, तर त्याच मशीनमधला सीडी रायटर आणि त्यात आधीपासून असलेलं बर्निंगचं, म्हणजे सीडीवर लिहिण्याचं सॉफ्टवेअर. आपल्या दोन्ही अटी सांभाळून तेवढा एकच मार्ग उरत होता.

आपण दिलेल्या रीरायटेबल (आरडब्ल्यू, पुसून पुन्हा लिहायच्या) सीड्या चांगल्या कंपनीच्या होत्या, त्यात वाद नाही. पण त्यांच्यावर 'हाय स्पीड' लिहिलंय, म्हणजे ४ ते १२ एक्सच्या (एक्स म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या किती पट). आपला रायटर त्याच्या आधीचा, आरडब्ल्यू जास्तीत जास्त ४ एक्सने लिहिणारा. तो हाय स्पीड सीडी वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. या सीडीवर धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. लेझरने तो क्षणभर वितळवून पटकन गार केला की खूण उमटते, आणि कमी तापवून सावकाश गार होऊ दिला की पुसली जाते. हाय स्पीड सीडीचा थर वेगळ्या उष्णतेला आणि वेगळ्या वेगाला बनवलेला असतो, जुन्या रायटरला ते जमत नाही. त्याला १ ते ४ एक्सच्याच सीड्या लागतात. त्या आता बाजारात सहजी मिळत नाहीत. माझ्याकडे जपून ठेवलेल्या दोन होत्या, त्या वापरल्या. त्यांचे पैसे आपल्याला लावलेले नाहीत, बिल बघावं.

आता वेळेचा हिशोब. एका सीडीत ६५० एमबी मावतात, म्हणजे साडेतीन जीबीला सहा फेऱ्या. ४ एक्सने एक सीडी भरायला साडेअठरा मिनिटं लागतात. पण आपली हार्ड डिस्क जुनी आहे, वाचताना मध्येच अडखळते. त्या काळातल्या रायटरला डेटा सलग मिळाला नाही की त्याचा बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, रिकामा होतो आणि तिथेच सगळं बर्निंग वाया जातं. नंतरच्या रायटरमध्ये यावर उपाय आला, आपल्यात तो नाही. म्हणून २ एक्सने लिहिलं, म्हणजे सीडीला सदतीस मिनिटं. मग ती एक्सपीच्या मशीनवर घ्यायची, फाइलींची संख्या आणि बाइट्स दोन्हीकडे जुळतात का ते बघायचं. मगच सीडी पुसायची. पूर्ण पुसायला पुन्हा सदतीस मिनिटं. क्विक इरेज मिनिटाभरात होतं, पण त्यात फक्त यादी पुसली जाते आणि जुन्या सीड्या मग पुढच्या वेळी दगा देतात. आपल्या मालावर मी तो धोका घेणार नव्हतो. एक्सपीच्या मशीनला नुसता वाचणारा ड्राइव्ह आहे, त्यामुळे लिहिणं आणि पुसणं दोन्ही एकाच रायटरवर. सगळं धरून नऊ-दहा तास होतात, आणि ते मशीन सोडून कुठे जाता येत नाही. त्यात पहिल्या दिवशी दुपारी लाइट गेली. यूपीएसवर चालू असलेली सीडी पूर्ण केली, पण पुढची सुरू करायची हिंमत केली नाही.

साधी एकदाच लिहायची सीडी का नाही, हेही कुणी विचारेल. जुन्या मशीनवर एखादं बर्निंग फसलं तर ती सीडी कचऱ्यात जाते. रीरायटेबल पुसून पुन्हा वापरता येते. अशा कामाला तीच योग्य आहे, असं मी आजही म्हणेन.

सेव्ह होत नाही ही आपली तक्रार मी लगेच तपासली. शेवटची सीडी आपण मागून घेतली होती आणि फाइल्स त्या सीडीवरूनच उघडत होतात. सीडीवरची फाइल उघडते, पण तिथे सेव्ह होत नाही. आपला सगळा डेटा एक्सपीच्या डी ड्राइव्हमध्ये आपल्या छापखान्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तिथून उघडा, सेव्ह होईल. काम देताना आमच्या मुलाने ते दाखवलं होतं. आपण घाईत होतात, समजू शकतो.

१,२०० रुपये हे दोन मशीन अडकून राहिल्याचे आणि माणूस बसल्याचे आहेत. काम घेतानाच ते सांगितलं होतं आणि आपण हो म्हणाला होतात. 'उकळले' हा शब्द आपण काढलात तर बरं वाटेल, बाकी रिव्ह्यू ठेवायचा की नाही हा आपला अधिकार आहे.

यापुढे अशा जुन्या मशीनचं काम घेताना किती वेळ लागेल ते पावतीवरच लिहून देऊ. फोनचंही काहीतरी बघतोय.

आणि एक महत्त्वाचं, बाकी कशाचा राग असला तरी हे ऐका. लॉक जुन्या मशीनवरून काढून एक्सपीच्या मशीनला लावाल तेव्हा दोन्ही मशीन आणि प्रिंटर बंद असू द्या. चालू मशीनच्या पॅरलल पोर्टमधून लॉक ओढलं तर ते कायमचं जाऊ शकतं, आणि तसं लॉक पुन्हा मिळवणं आता अवघड आहे. जमत नसेल तर आणा, मी स्वतः लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. रविवार सोडून सकाळी दहा ते रात्री आठ मी दुकानातच असतो.

आपला,
दुकानमालक