‘पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

आउटलुक हा मेलचा प्रोग्राम सतत पासवर्ड मागत होता, अकाउंट काढून पुन्हा जोडलं की काम झालं असतं. मेल तर सर्व्हरवरच असतात, तरी बॅकअपसाठी आम्ही लॅपटॉप दुसऱ्या दिवसापर्यंत अडकवून ठेवला, असं तुम्ही लिहिलं आहे. लॅपटॉपवाचून तुमची कामं खोळंबली आणि त्याचा राग येणं रास्तच आहे. पण असं अकाउंट उद्या पुन्हा समोर आलं तरी आम्ही हेच करू.

मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत, आयमॅप आणि पॉप. मेल सर्व्हरवर राहतात ते आयमॅपमध्ये. तुमचं अकाउंट पॉपचं आहे. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरतात आणि सर्व्हरवरची प्रत ठरलेल्या मुदतीनंतर पुसली जाते. तुमच्या सेटिंगमध्ये ती मुदत १४ दिवस होती. त्याआधीचे सगळे मेल, आणि तुम्ही पाठवलेले तर सगळेच, लॅपटॉपमधल्या एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) होते. दुसरीकडे कुठेही नाही. अकाउंट काढलं तरी ही फाइल सहसा डिस्कवर राहते, पण त्या ‘सहसा’च्या भरवशावर कुणाचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार सोडायला माझं मन धजत नाही.

वेळ खरा गेला तो तपासणीत. आउटलुक बंद करून आधी फाइलची जशीच्या तशी प्रत काढली, कारण दुरुस्ती करताना एखादा मेल गळू शकतो. मग स्कॅनपीएसटी हे अशी फाइल तपासून दुरुस्त करणारं आउटलुकचं साधन चालवलं. त्यात फाइलमध्ये बिघाड निघाला, आणि एवढ्या मोठ्या फाइलची दुरुस्ती तासन्‌तास चालते. शेवटी ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या जुळवली. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही. मेल मात्र कुणीही वाचलेले नाहीत.

हे वाचणाऱ्या आयमॅपवाल्यांनीही एक बघावं: आउटलुकमध्ये ज्या कॉन्टॅक्ट किंवा कॅलेंडरपुढे ‘फक्त हा कॉम्प्युटर’ असं लिहिलेलं असतं, ते सर्व्हरवर नसतं. अकाउंट काढलं की तेही जातं.

गेल्या १४ दिवसांचे मेल तुम्हाला आता दोनदा दिसत असतील. नव्याने जोडलेल्या अकाउंटने ते सर्व्हरवरून पुन्हा उतरवले आहेत. जादा प्रती काढून टाकल्या तरी चालेल. आधी काढलेली प्रत आणि दुरुस्त केलेली, अशा दोन्ही फाइल तुमच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहेत, आमच्याकडची प्रत पुसली आहे. उघडताना अडचण आली तर डिस्क घेऊन या, समोर बसून उघडून देतो.