पेठेतल्या आरक्षणाबद्दल: माझीच पोस्ट चुकली होती

‘आराखड्याला १० वर्षं झाली, दुकानावरचं आरक्षण आपोआप उठलं, आता खुशाल बांधा’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. (आरक्षण म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा.) त्याचं मूळ माझीच जुनी पोस्ट आहे आणि ती अर्धवट होती.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ मी आता नीट वाचलं. १० वर्षं मोजायची ती अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून. प्रारूप (कच्चा) नकाशा टांगला त्या दिवसापासून नाही. (माझी पहिली चूक हीच.) तेवढ्या काळात जागा घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाहीही सुरू झाली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस बजावायची. त्यानंतर २४ महिन्यांतही संपादन किंवा त्यासाठीची पावलं झाली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. जुन्या लेखांत ६ किंवा १२ महिने दिसतील. २०१५ च्या दुरुस्तीने ते २४ झाले.

नोटीसच दिली नसेल, तर आरक्षण जागेवरच आहे. त्या भरवशावर वाड्याचा पुढचा भाग पाडून गाळे काढू नका.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्या गटात असेल तर पुढे पाठवू नका, तिच्याखाली हा खुलासा टाका.