कुत्र्याला बांधून ठेवलं म्हणजे विश्रांती झाली असं नाही

कुत्र्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, खर्च, इंजेक्शनं यावर सगळे बोलतात. पुढचे दोन-तीन महिने त्या मुक्या जित्राबाला घरात कसं सांभाळायचं, यावर कुणी बोलत नाही. 'कम्प्लीट रेस्ट' एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून मिळतात आणि आपण कुत्रं रिक्षात घालून घरी येतो. उत्तम झालेलं ऑपरेशनसुद्धा या दोन-तीन महिन्यांत वाया जाऊ शकतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आमची चांदी कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड जातीची शिकारी कुत्री आहे. कोल्हापूर, सांगली, जत, मुधोळ या पट्ट्यातल्या माणसाला कारवानी म्हणजे काय हे सांगायला नको. मुधोळच्या घोरपडे राजांनी जपलेलं हे रक्त. २००५ मध्ये मुधोळ हाउंडचं टपाल तिकीटही निघालं. ससा दिसला की सुटायचं, एवढ्यासाठी घडलेलं शरीर. रिंग रोडला मोटरसायकलची धडक बसली, मागच्या पायाचं नडगीचं हाड मोडलं आणि आता त्यात प्लेट आहे. अशा कुत्रीला 'पळू नकोस' हे सांगायचं कसं?

बहुतेक घरांत याचं उत्तर साखळी असतं. खांबाला बांधलं, झाली विश्रांती. मला हे अजिबात पटत नाही. बांधलेलं तरणं कुत्रं विश्रांती घेत नाही, ते धुमसतं. गेट वाजलं की हिसका, मांजर दिसलं की उडी, आणि प्रत्येक हिसक्याचा भार त्याच दुखऱ्या पायावर. काही नाही मिळालं तर टाके चाटत बसतं. आपल्या तालमींत काय करतात बघा. पैलवानाचा पाय दुखावला तर वस्ताद त्याला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरू देत नाही, पण तालमीत यायचं बंद करत नाही. कडेला बसव, डाव बघू दे, डोकं चालू राहू दे. कुत्र्याचंही तसंच. जागा लहान करा, पण काम द्या.

आणि कुत्र्याचं काम म्हणजे नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी काही लाख असतात, कुत्र्याच्या नाकात काही कोटी. ते हुंगतं तेव्हा सेकंदाला पाच-सहा वेळा हवा आत ओढतं आणि प्रत्येक वासाचा हिशेब लावतं. यात डोकं खरोखर थकतं.

म्हणून चांदीचं जेवण आम्ही ताटलीत देणंच बंद केलंय. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे आणि भाकरीचा चुरा टाकायचा, वळकटी करायची आणि तिच्या पुढ्यात ठेवायची. ती पडल्या पडल्याच वळकटीच्या एका टोकाला नाक लावते. नाकपुड्यांच्या कडा भराभर हलायला लागतात, कान मागं जातात, मग मधेच श्वास धरल्यासारखी थांबते आणि नेमक्या जागी दातानं कापड ओढते. एक घडी सुटते, एक तुकडा मिळतो, परत हुंगणं सुरू. तेवढ्यात रस्त्यावरून दुसरं कुत्रं गेलं तरी मान वर होत नाही. टॉवेल संपला की लांब सुस्कारा सोडून झोपते.

टॉवेलचा कंटाळा आला की खोक्यात पेपरचे बोळे भरून त्यात खाऊ लपवायचा. रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवला तर चाटण्यात बराच वेळ जातो. सगळ्यात भारी कल्पना माझ्या मुलाची. तो गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीच्या अंगावर फिरवलेलं फडकं आणतो. बाहेर जाता येत नाही तर बाहेरचा वास घरी आला! ते फडकं चांदी किती वेळ हुंगत बसते, बघण्यासारखं असतं.

शिकवायलाही हाच काळ चांगला. तळहाताला नाक लावणं, आपल्या मांडीवर हनुवटी टेकवून स्थिर राहणं. हे दुसरं ड्रेसिंगच्या वेळी फार उपयोगी पडतं. मात्र 'बस-ऊठ' घोकून घेऊ नका, त्यात मागच्या पायांवरच जोर येतो.

खाण्याबद्दल कोल्हापुरात दोन गोष्टी ठासून सांगायला लागतात. घरात मटण झालं की 'हाडं जुळायला हाड द्या' म्हणणारे पाहुणे असतातच. शिजवलेलं हाड देऊ नका. त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि आतडं फाडू शकतात. तांबडा-पांढरा रस्साही नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो. सांगलीचे बेदाणे तर एकसुद्धा नको, किडनीवर जातं. आणि पळणं बंद म्हणजे जेवणही थोडं कमी. वजन वाढलं तर ते त्याच पायाला पेलावं लागतं.

घरातली फरशी हा आणखी एक शत्रू. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरला की संपलं. चालण्याच्या वाटेवर सतरंजी नाहीतर पोती अंथरा. शी-शूसाठी नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागची बाजू उचलून धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही आठवड्यांत कुत्रं पाय टेकवायला लागतं आणि खरी परीक्षा तिथं असते. आमच्या शेजारच्या मावशी रोज म्हणतात, "अवो, किती कोंडून घालताय त्या मुक्या जनावराला, सोडा की जरा अंगणात." त्यांची माया खरी आहे. पण दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नसतं. मोठ्या कुत्र्याचं हाड भरायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर भार प्लेट आणि स्क्रू झेलत असतात. एका उडीत स्क्रू उपटू शकतो, प्लेट वाकू शकते, आणि मग परत टेबल, परत भूल.

एवढं करूनही कुत्रं आवरत नसेल तर डॉक्टरांकडं शांत ठेवणारी गोळी मागा. लोक याला नशा म्हणतात आणि नको म्हणतात. मला ते चुकीचं वाटतं. रात्रभर धडका मारणाऱ्या कुत्र्याला काही आठवडे औषधानं शांत ठेवणं ही दयाच आहे. फक्त गोळी आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्यानं कुत्रं मरू शकतं.

चांदीचा पुढचा एक्स-रे याच महिन्यात आहे. त्यात हाड भरलेलं दिसलं तरी सुरुवात दोरीवर, सपाट रस्त्यावर, पाच मिनिटांनीच होणार. रंकाळ्याची फेरी पावसाळ्यानंतर बघू. तोपर्यंत कुणाकडं जुने टॉवेल असतील तर द्या, आमचे सगळे फाटलेत.