बंद पेटी कोन वाजाडस?

मी अरेंजर कीबोर्ड, म्हणजे आपल्या सुरांना ठेका नि साथ देणारा कीबोर्ड, घ्यायचा म्हटल्यावर मामा निघालेच. धुळ्याच्या भजनी मंडळात अर्धं आयुष्य पेटी बडवलेल्या माणसाला थांबवणार कोण?

दुकानात यामाहाचा पीएसआर-आय५००, कॅसिओचा सीटी-एक्स९०००आयएन आणि त्यांच्या वर, भारी किमतीचा पीएसआर-एसएक्स६०० मांडलेला. मामांनी बोट फिरवत पट्ट्या मोजल्या. "हाऊ बी एकसष्टच, तो बी एकसष्टच. मंग जास्तीना पैसा कसाना?"

दुकानदाराने उत्तर म्हणून डेमोचं बटण दाबलं. ढोलक, व्हायोलिन, बासरी, सगळं एकदम सुरू. मामा खूश. "हाई ते आपलंआपच वाजस! शिकानं कसाले?"

मी म्हटलं, "जरा बंद करा. मला बंदच वाजवून बघायचाय."

दुकानात शांतता. पंखा तेवढा फिरत होता.

"बंद पेटी कोन वाजाडस भो?"

आता मामांना कसं सांगावं, की आवाज बंद असला की पट्टी खरं बोलते! खटखटते का, आडवी हलते का, पार मागच्या टोकाला, काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात दाबली तर बोटाला किती जोर पडतो, सगळं कळतं. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला त्यावरून बोट किती वेगाने आलं हे यंत्र ओळखतं आणि आवाज तेवढा लहानमोठा करतं. हाच तो 'टच'. पेटीत असलं काही नाही. पट्टी फक्त हवेची वाट उघडते, जोर सगळा भात्याचा. म्हणून चालू कीबोर्डवर मामांचा एक सूर किंचाळायचा, पुढचा पुटपुटायचा.

"हाऊ बिघडेल शे," मामांनी निकाल दिला.

मी मात्र तिन्हींवर एकच सूर हळू, मध्यम, जोरात वाजवत बसलो. दुकानदाराने चहा मागवला, तो स्वतःच प्यायला. एसएक्स६०० च्या पट्ट्यांपेक्षा जास्तीचे पैसे त्याच्या आवाजांना आणि साथीच्या ठेक्यांनाच होते, असं माझ्या बोटांचं मत पडलं. खिशाचं आधीपासून तेच होतं. आय५०० घेतला. भाव मामांनी केला. स्टँड आणि कव्हर फुकट काढलं, वर अडॅप्टर खोक्यातून उघडून बघितला.

गल्लीत शिरताच प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न: "कितलाले लिधा?" पट्ट्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

कानबाई देवीच्या जागरणाला कीबोर्ड मामांनीच वाजवला. त्याआधी त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट शिकून घेतली: टच कुठून बंद होतो.