'सांगलीत बसून' या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींभोवतीच्या विहिरींवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. आपण नाव दिलेलं नाही, खाणीत २२ वर्षं काढली एवढंच सांगितलंत, म्हणून साहेब म्हणते. आपलं म्हणणं असं: आम्लपाण्याबद्दल, म्हणजे कोळशातल्या गंधकामुळे आम्लधर्मी होणाऱ्या खाणीच्या पाण्याबद्दल, मी चुकीचं लिहिलं, पाणीपातळी वर्षातून ४ वेळा मोजतात ते पुरेसं आहे, शेतकऱ्यांचे बोअरही पाणी ओढतात, आणि शेवटी, "सांगलीत बसून, कृष्णेचं पाणी पिऊन, कोळशाच्या पाण्यावर प्रवचन देऊ नये."

आम्लपाण्याचं मान्य. मेघालयातल्या कोळशात गंधक जास्त, म्हणून तिथले ओढे आम्लधर्मी होतात. वर्धा खोऱ्यातल्या, म्हणजे वणी-चंद्रपूरकडच्या, कोळशात ते त्या मानाने कमी. मेघालयातलं उदाहरण मी सरसकट वणी-चंद्रपूरला लावलं. ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

पण 'सांगलीत बसून' म्हणजे काय हो? माझं माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळापासून माझे वडील दर अमावास्येला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचे आणि किती हात पाणी आहे ते वहीत लिहायचे. गाठी मोजायला मी असायची. पाणी हातभर उतरलं की त्या रात्री जेवताना घरात कुणी बोलायचं नाही. पाणी मोजणं म्हणजे काय, हे मला कुणी कार्यालयात शिकवलेलं नाही.

सासर सांगलीचं. इथं पावसाळ्यात अख्खं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या आकड्यावर जगतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही माळ्यावर सामान चढवत तासातासाला आकडा विचारत होतो. ज्या कृष्णेवरून आपण टोमणा मारलात, तिनंच आम्हाला हे शिकवलंय.

आणि वणीला मी ४ वर्षं राहिले आहे, मिस्टरांच्या नोकरीमुळे. लेखात ते लिहिलं होतं. आपण वाचलं नसावं. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींची विहीर आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आटली. जवळची खाण तोवर बरीच खोल गेली होती. खड्डा पाणीपातळीच्या खाली उतरला की कोळसा काढायला पंप रात्रंदिवस चालवावे लागतात, आणि आसपासच्या खडकातलं पाणी खड्ड्याकडे सरकत राहतं. कोळशाच्या वरचा कामठी नावाचा वालुकाश्म तर पाणी धरणारा खडक. हे आपल्याला मी सांगावं का? २२ वर्षांत आपण एकदा तरी अशा विहिरीच्या काठावर उभे राहिला असाल ना?

आता ते ४ वेळा. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. जानेवारीत पाणी आहे, मे महिन्यात विहीर कोरडी. मधल्या काळात ती कधी आटली, फेब्रुवारीत की एप्रिलात, हे तक्त्यात कुठे आहे? पाऊस कमी झाला म्हणून आटली की पंप वाढले म्हणून, हे ठरवायला नेमकी तीच तारीख लागते. म्हणूनच मी लिहिलं होतं की काठावर रंगाची खूण करा आणि गावातल्याच कुणीतरी दर पंधरवड्याला तिथून दोर सोडा. गाळाचंही तसंच. खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्यातला गाळ लिटरला १०० मिलीग्रॅमच्या आत हवा, ही मर्यादा कागदावर आहेच. पण गाळ खाली बसवायची टाकी भरून वाहते ती भर पावसात, नमुना त्या दिवशी घ्यायला हवा.

बोअरचा मुद्दा दर वेळी कुणीतरी काढतंच. त्यात मी पडत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. त्या २२ वर्षांतले पाणीपातळीचे आकडे आपल्याकडे असतील तर पाठवा, एकूण एक छापीन. 'प्रवचन' हा शब्द मात्र माझ्या वडिलांच्या वहीसाठी पुन्हा वापरू नका.